दुकानाचा आगविमा: बँकेमार्फत आलेली पॉलिसी, सूक्ष्म उद्यम सुरक्षा की दुकानदार पॅकेज?

बाजारपेठेत कापडाचे मध्यम दुकान, मागच्या गल्लीत भाड्याचे गोदाम, दोन्हीकडे मिळून ५० लाखांचा माल आणि त्या मालावर बँकेची कॅश क्रेडिट (माल तारण ठेवून ठरावीक मर्यादेपर्यंत मिळणारी कर्जाची उचल), अशा व्यापाऱ्यापुढे आगविम्याचे तीन मार्ग असतात. कर्जाच्या वेळी बँकेमार्फत निघालेली पॉलिसी दरवर्षी तशीच पुढे चालू ठेवणे हा पहिला. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी स्वतः पाहून घेणे हा दुसरा, आणि आग, घरफोडी, रोकड, काच असे विभाग एकत्र बांधलेले दुकानदार पॅकेज घेणे हा तिसरा. प्रीमियमची तुलना सोपी असल्यामुळे ती सगळेच आधी करतात. येथे ती बाजूला ठेवून, माल जळाल्यावर कोणत्या अटीमुळे किती रक्कम हाती येते एवढेच पाहू.

बँकेमार्फत आलेल्या पॉलिसीतली मेख अशी की, तिची विमा रक्कम पुष्कळदा कर्जाच्या मर्यादेवरून ठरलेली असते आणि मालाच्या किमतीशी तिचा मेळ कोणी घातलेला नसतो. मर्यादा २५ लाख म्हणून विमाही २५ लाखांचा निघतो. व्यापारी समजतो की २५ लाखांपर्यंतचे कोणतेही नुकसान भरून मिळेल. पण आगविम्यात प्रमाणशीर भरपाईची अट असते. ५० लाखांच्या मालाचा २५ लाखांचाच विमा असेल, तर निम्म्या जोखमीचा भार मालकाने स्वतःच्या अंगावर घेतला असे धरले जाते आणि ८ लाखांचा माल जळाला तरी दावा ४ लाखांचाच मंजूर होतो. शिवाय अशा पॉलिसीत फर्निचर, रॅक, एसी यांचा उल्लेख कधी असतो, कधी नसतो. पत्ता कर्जाच्या कागदांवरचा जुनाच राहतो. आणि भरपाई बँकेचा हक्क नोंदवणाऱ्या कलमामुळे प्रथम कर्ज खात्यात जमा होते. यातली शेवटची गोष्ट टळणारी नाही आणि रास्तही आहे. बाकीच्या मात्र नूतनीकरणाच्या वेळी एका अर्जाने दुरुस्त होतात.

सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केली. एका ठिकाणची एकूण जोखीम, म्हणजे विमा उतरवण्याजोग्या मालमत्तेची किंमत, ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते. त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहे. दुकानदाराच्या दृष्टीने तिच्यातली मोलाची तरतूद म्हणजे विमा रकमेतील १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असणे. ५० लाखांच्या मालावर ४५ लाखांचा विमा असताना ८ लाखांचे नुकसान झाले, तर जुन्या धर्तीच्या अटीने ७ लाख २० हजार मिळाले असते. येथे त्या तुटीपोटी काहीही कापले जात नाही. भाव वाढले किंवा सणापूर्वी माल जास्त भरला गेला, तर एवढी तूट कोणाच्याही दुकानात पडते. दुसरा फरक चोरीचा आहे. आग विझवताना शटर तोडले जाते, गाठी रस्त्यावर येतात आणि त्या गोंधळात माल लांबवला जातो. जुन्या आगविम्यात ही चोरी वगळलेली होती. सूक्ष्म उद्यम सुरक्षेत विमित घटनेमुळे घडलेली आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी धरली जाते.

दुकानदार पॅकेजचे बळ आगीबाहेरच्या जोखमींत आहे. एरवीची घरफोडी, गल्ल्यातली किंवा बँकेत नेताना लुटली गेलेली रोकड आणि दर्शनी काच यांचे संरक्षण नुसत्या आगविम्यात मिळत नाही. मात्र पॅकेजमधील आगीच्या विभागात सूक्ष्म उद्यम सुरक्षेचीच कलमे घातली आहेत, की कंपनीची स्वतःची शब्दरचना आहे, हे माहितीपत्रकावरून कळत नाही. पॉलिसीचा संपूर्ण मसुदा मागवावा आणि १५ टक्के व सात दिवस हे दोन उल्लेख त्यात शोधावेत. ते नसतील तर पॅकेज स्वस्त असूनही मी ते सुचवणार नाही.

गोदामाचा प्रश्न वेगळा आहे आणि तिन्ही मार्गांत तो सारखाच अडतो. दुकानाला ३० आणि गोदामाला २० लाख अशी विभागणी केली आणि दिवाळीच्या तोंडावर गोदामात ३५ लाखांचा माल असताना तिथे आग लागून १४ लाखांचे नुकसान झाले, तर ३५ पैकी २० या प्रमाणात ८ लाखच मिळतात, जरी एकूण विमा मालाइतकाच असला तरी. दोन्ही पत्त्यांना मिळून ५० लाखांचे फ्लोटर संरक्षण (विभागणी न करता एकच विमा रक्कम) घेतले असते, तर १४ लाखांचा दावा पूर्ण बसला असता. ज्याचा माल सतत इकडून तिकडे हलतो त्याने फ्लोटरचा जादा प्रीमियम वाचवू नये.

व्यापार असा बदलणे की आगीचा धोका वाढेल, किंवा जागा सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहणे, या दोन्ही गोष्टी कंपनीला आधी कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्याव्या लागतात. नाहीतर संरक्षणच संपुष्टात येण्याची वेळ येते. जांगड (पसंत पडल्यास ठेवायच्या बोलीवर) आणलेला किंवा अडतीवर (दुसऱ्याचा, दलालीवर विकायला) ठेवलेला माल आपल्या मालात आपोआप धरला जात नाही, त्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. शॉर्ट सर्किटबद्दल मात्र विनाकारण भीती आहे. ज्या उपकरणात बिघाड झाला तेवढे उपकरण वगळले जाऊ शकते, पण त्यातून पसरलेल्या आगीत जळालेला माल वगळला जात नाही. दावेदाराने स्वतः आग लावलेली नसेल, तर आगीचे नेमके कारण गौण ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

खरी परीक्षा सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाच्या, टेबलावर होते. पंचनामा आणि अग्निशमन दलाचा अहवाल यांतून आग लागल्याचे सिद्ध होते. माल किती होता हे ठरते खरेदीची बिले, विक्रीची नोंद, जीएसटी विवरणपत्रे, मागील ताळेबंद आणि बँकेला दरमहा दिलेले स्टॉक स्टेटमेंट एकमेकांशी ताडून. येथे आपल्याच सह्या आपल्याविरुद्ध उभ्या राहतात. उचल जास्त मिळावी म्हणून बँकेला ५० लाखांचा माल दाखवलेला असतो आणि ताळेबंदात तोच ३२ लाखांचा असतो. मग सर्व्हेअर लहान आकडा धरतो आणि मोठ्या आकड्याचा आग्रह धरणाऱ्यावर खोटा दावा केल्याचे कलम लागू शकते. मालाची किंमतही खरेदीभावाने धरली जाते, विक्रीभावाने नाही. जळालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावे लागते, म्हणून विमा रकमेत करासह किंमत धरली आहे, असे पॉलिसीवर लिहून घेणे शहाणपणाचे.

सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नसतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. कमी रक्कम मंजूर झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर एकल मालकीच्या किंवा सूक्ष्म उद्योगात मोडणाऱ्या दुकानाला विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. तिथे मर्यादा ५० लाख रुपयांची, मुदत नकारानंतर एक वर्षाची आहे आणि शुल्क किंवा वकील लागत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, परंतु तिथे प्रकरण दाखल झाल्यावर लोकपालाचा दरवाजा बंद होतो. म्हणून आधी लोकपाल हा क्रम बरा. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, दुकानदाराला तो नाकारता येतो. ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करण्याची वेळ आली, तर आक्षेप त्याच दिवशी लेखी नोंदवून त्याची पोच घ्यावी.