अलंगच्या मालाचं दुकान, खानापूर रोड: लाकूड घ्या, करंटचं सामान नको

बेळगावात तिसरं गेट ओलांडून उद्यमबागकडं जाताना जुन्या जहाजाचं सामान विकायचं एक शेड लागतं, बरेच जण विचारालेत म्हणून लिहितोय. माल गुजरातच्या अलंगचा, जुनी जहाजं तोडतात ते गाव. तिथं मोठ्या भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवतात, आधी आतलं फर्निचर, भांडी, गाद्या काढून विकतात आणि मग गॅस कटरनं पत्रा कापतात. मालवाहू बोटीत मोजक्या केबिन, क्रूझमध्ये शेकड्यांनी, त्यामुळं क्रूझ तोडायला आली की या धंद्यात दिवाळी.

मी एक कपाट आणि दोन खुर्च्या घेतल्या. दुकानदार मामा म्हणाले कर्णिका क्रूझचं हाय. म्हटलं सगळेच असं सांगतात की वो. मग कपाटाचं दार उघडलं तर आत लाइफ जॅकेटचा इंग्रजी स्टिकर, कोपरा सुटलेला, आणि खाली जर्मन अक्षरं! पक्का पुरावा नव्हे पण जुळतंय, कारण कर्णिका म्हणजे इटलीत मोनफाल्कोनेला बांधलेली 1990 ची क्राऊन प्रिन्सेस, नामकरण इटालियन नटी सोफिया लॉरेनच्या हातनं, मग नावं बदलत गेली, 2002 पासून काही वर्षं जर्मन गिऱ्हाइकांसाठी आरोझा ब्लू नि आयडाब्लू, पुढं ओशन व्हिलेज टू, ऑस्ट्रेलियात पॅसिफिक ज्वेल, आणि 2019 ला मुंबईत जलेश क्रूझ कंपनीकडं, कर्णिका म्हणून. वर्ष होतंय न होतंय तोवर कोविड, कंपनी बसली, 2020 संपायच्या आत अलंगला. तिच्याच वयाची एम्प्रेस क्रूझ मात्र 2021 ला कॉर्डेलिया कंपनीकडनं मुंबई-गोव्याला लागली, नशीब एकेकाचं.

कपाट एक नंबर. खटका दाबल्याशिवाय दार उघडत नाही, बोट हलली तरी कपडे आत. खुर्च्या लई जड, बुडाला कडी आहे, समुद्र खवळला की बांधून ठेवायला.

केटल, हेअर ड्रायर, पंखे मात्र घेऊ नका. जहाजावर करंट 60 सायकलचा, केबिनमध्ये बऱ्याचदा 110 व्होल्ट, आपल्याकडं 230 आणि 50. लावला की धूर. दुकानात विचारलं तर एकच उत्तर, 'चालतंय की'. गाद्यांचा दमट वास जात नाही. बिल कच्चं मिळतं, आणि छोटा हत्तीचं भाडं दुकानात एक ठरलं, घरी आल्यावर दुसरंच झालं, ते आधीच लिहून घ्या.

आणि जिन्याचं माप घेऊन जावा. कपाट सुटं होत नाही, आमचं गॅलरीतनं दोरीनं ओढून वर घेतलं.