राहता फ्लॅट मुलांना: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

नौपाड्यातला जुना टू-बीएचके मुलीच्या नावे करायचाय, तर बहुतेक आईवडील आधी खर्च विचारतात. तिथे बक्षीसपत्र मोहात पाडतं. मुलगा, मुलगी, नवरा-बायको, नातवंडं यांना राहतं घर दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा, तो दुय्यम निबंधकाकडे आधीच विचारा). मृत्युपत्राला तर शुल्कच नाही. साध्या कागदावर चालतं, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि घर ज्याला मिळणार तोच साक्षीदार नको.

खरा फरक पुढे आहे. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी मुलीचं. उद्या बिनसलं, तर मनात आलं म्हणून ते मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार आहे, पण ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असली तर बाजू भक्कम. वकील घाईत असेल तर हीच ओळ राहून जाते! मृत्युपत्र मात्र हयातीत कितीदाही बदला.

वाशी-नेरूळला सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची जागा असेल, तर बक्षीसपत्राआधी हस्तांतराच्या परवानगीचं बघा.

भावंडांत आधीच कुरबुर असेल तर मी बक्षीसपत्राकडे झुकेन. मृत्युपत्राला आव्हान मिळतं तेव्हा लिहिणारा उत्तर द्यायला नसतो. एरवी सत्तरीतल्या माणसाने डोक्यावरचं छप्पर स्वतःच्या नावावर ठेवावं. आणि सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.