ऑर्थोपेडिक गादी, दहा वर्षांची वॉरंटी, आणि उलटायची सोय नाही

परवा गादीच्या कंपनीचा माणूस गादीत पडलेला खड्डा मोजायला येऊन गेला. गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणली, मधोमध स्टीलची पट्टी उभी धरली, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "मॅडम, १८ मिलिमीटर. २५ च्या वर गेला तरच क्लेम बसतो." मी म्हटलं, दादा, गादीवर माणूस झोपल्यावर किती खड्डा पडतो ते मोजा ना, रिकामी गादी मोजून काय उपयोग? तर म्हणे नियमात रिकामीच मोजायची असते. चहा घेऊन गेला.

गादी नेहमीचीच आहे. सहा इंची, वर मेमरी फोम, खाली रीबॉन्डेड (म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला कडक थर), झिपची खोळ, शंभर रात्रींचा ट्रायल, दहा वर्षांची वॉरंटी. जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील, त्यामुळे ते सगळं परत लिहीत नाही. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे आणि ती जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते. ही गादी उलटता येत नाही. मेमरी फोमची बाजू कायम वर. खालच्या बाजूला घसरू नये म्हणून रबरी ठिपक्यांचं कापड शिवलेलं आहे, म्हणजे उलटायचा विचारसुद्धा करू नका असा त्याचा अर्थ.

ज्या घरात दर दिवाळीला गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या जातात, उलटून परत घातल्या जातात आणि चपट्या झाल्या की पिंजाऱ्याकडे जाऊन फुगून येतात, त्या घरातल्या बाईने साडेसतरा हजार देऊन एका बाजूची वस्तू घ्यायची! वर ऊनही दाखवायचं नाही, कारण उन्हाने फोम पिवळा पडतो आणि भुगा होतो. हे मात्र खरं आहे, गॅलरीतल्या जुन्या उशीचं तसंच झालं होतं.

आता घेतली का, ते सांगते. मी पतसंस्थेत हिशेब बघते. मार्चअखेर म्हणजे खुर्चीतून उठणं नाही. गेल्या वर्षी लेजर उचलायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की टेबल धरून उभी राहिले. त्याआधी कित्येक वर्षं आमच्याकडे पलंगाच्या प्लायवर दोन इंची काथ्याची गादी होती, कारण "कंबर दुखते? मग कडक झोपायचं" हा सगळ्या नातेवाइकांचा ठराव. सासूबाई तर म्हणत, गादीच काढ, सतरंजीवर झोप. मी कुशीवर झोपणारी. कडक पृष्ठभागावर खांदा आणि खुबा टेकतात आणि मधली कंबर अधांतरी राहते. सकाळी उठताना जो काही ताठरपणा असायचा, त्याचं श्रेय मी वयाला देत होते.

एमआरआय झाला. रिपोर्टात एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, चकती फुगलेली. घरात सुतकी वातावरण. फिजिओथेरपिस्ट बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, पन्नाशीत हे निम्म्याहून जास्त लोकांना असतं आणि त्यांना काही दुखतही नसतं. मी घरी येऊन शोधलं, तर २०१५ सालचा एक मोठा आढावा मिळाला: पाठदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा. पन्नाशीतल्या, काहीही तक्रार नसलेल्या माणसांपैकी ६० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या, आणि ८० टक्क्यांच्या झिजलेल्या. तेव्हा रिपोर्ट हातात पडल्यापडल्या गादीच्या दुकानात धावू नका.

मी धावलेच, पण एक आधार होता. स्पेनमध्ये कडक आणि मध्यम-कडक गाद्यांची रीतसर तुलना झालेली आहे. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम, ९० दिवस. दुखणं आणि रोजच्या हालचालीतली अडचण, दोन्हींत मध्यम-कडकवाल्यांना जास्त आराम. म्हणजे सतरंजीचा ठराव बाद! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, स्पेनमधल्या लोकांना जमिनीवर बसता तरी येतं का.

पहिले काही महिने मी या गादीची बिनपगारी जाहिरातच करत होते. खांदा हलकासा आत जातो, खुबा आत जातो, कमरेखालची पोकळी भरल्यासारखी वाटते. ऑफिसात तिघींना शिफारस केली, त्यातल्या एकीने घेतलीही. तेव्हा लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

मग ट्रायल संपला आणि खड्डा सुरू झाला. खड्डा माझ्या बाजूला नाही, ह्यांच्या बाजूला. हे ८८ किलो, मी ५९. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय: दर तीन महिन्यांनी गादी डोक्याकडून पायाकडे फिरवा. फिरवली. आता जरा डोळ्यांसमोर आणा. माणसाचं सगळ्यात जड अंग म्हणजे कुल्ले, आणि ते गादीच्या लांबीच्या साधारण मध्यावर येतात. गादी १८० अंशांत फिरवली की डोकं-पाय बदलतात, पण डावी बाजूही उजवीकडे जाते. म्हणजे ह्यांचा खड्डा बरोब्बर माझ्या खुब्याखाली! जुनी गादी आम्ही पायाकडून उचलून डोक्याकडे पालथी घालायचो. बाजू आपापली राहायची आणि वरचा पृष्ठभाग नवा मिळायचा. फिरवणं आणि उलटणं यांतला हा फरक गादी विकणाऱ्या एकाही माणसाला माहीत नाही. मी तिघांना विचारलंय.

खड्ड्यात खुबा गेला की कुशीवर झोपलेल्या माणसाचा कणा मधोमध झोळी होतो. आठवड्याभरात सकाळचा ताठरपणा परत.

तक्रार केली. आधी चॅटवर, मग ईमेलवर. पहिलं उत्तर: "शरीराचे ठसे उमटणे नैसर्गिक आहे." दुसरं: पलंगाची प्लाय बाकली असेल. मग मी गादी काढून प्लायवर पडद्याची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी ठेवून फोटो पाठवला. कागदसुद्धा सरकत नव्हता. (हे तुम्हीही करून बघा. बॉक्स पलंगाची झाकणं मध्ये बसलेली असतात आणि दोष गादीला जातो. त्याहून सोपं म्हणजे दोनचार रात्री गादी फरशीवर टाकून झोपा. तिथे बरं वाटलं तर गादी नाही, पलंग बदला.) तिसरं उत्तर: नव्या खरेदीवर सवलतीचं कूपन. एक खराब वस्तू दिल्याबद्दल दुसरी विकत घ्यायची संधी! तेव्हा १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला. त्यानंतर तो दोरीवाला आला. त्याआधी "तंत्रज्ञ उपलब्ध नाही" चालू होतं.

फोमच्या घनतेत चोरी केली असेल असाही मला संशय होता. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ७५ बाय ६० बाय ६ इंच म्हणजे ०.४४ घनमीटर, ती सगळी ४० घनतेची असेल तर वजन पावणेअठरा किलोच्या आसपास भरायला हवं. आमच्या पुस्तिकेत दोन्ही थरांचे आकडे दिलेत, त्यावरून साधारण ३२ किलो येत होते. चिरंजीवांना गादीची गुंडाळी कवेत देऊन वजनकाट्यावर उभं केलं, मग त्यांचं वजन वजा केलं. खोळ धरून ३३ च्या पुढे भरली. म्हणजे मालात खोट नाही, हे मान्य करते. ८८ किलोच्या माणसाखाली वरचा मऊ थर थकला आणि त्याला पालथा पडून विश्रांती घ्यायची सोय नाही, एवढंच.

इथे थोडं थांबून श्रेयाची फेरवाटणी करायला हवी, कारण आधीच्या महिन्यांत मला जे बरं वाटत होतं ते सगळं गादीचं नव्हतं. फिजिओ बाईंनी त्याच सुमारास एक फुकटचा नियम दिला होता: उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकायचं नाही. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. दिवसभरात ते दाबून निघतं आणि माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका होतो. अशा पाण्याने फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. १९९८ साली अमेरिकेत याच एका सवयीची चाचणी झाली, सकाळचं वाकणं टाळायला लावलं आणि लोकांचं दुखणं कमी झालं. आता आपल्याकडच्या बाईची सकाळ बघा. उठली की केर काढा, बादली उचला, दारात रांगोळी, ओट्याखालचं पातेलं काढा. सगळं पहिल्या अर्ध्या तासात! मी केर-फरशी आंघोळीनंतरवर ढकलली आणि रांगोळी पाटावर बसून काढू लागले. अंथरुणातून उठायचं तेही कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देऊन. उताण्यावरून सरळ झटका मारून नाही. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. उशी घरातलीच, जुनी.

खड्डा पडल्यावर दुखणं परत आलं, पण पूर्वीइतकं नाही, याचं कारण बहुधा हे. आणि चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर चालण्याचा प्रयोग झाला, २०२४ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं. दुखणं परत उपटायला चालणाऱ्यांत मध्यावरच्या माणसाला (मध्यगा) २०८ दिवस लागले, इतरांत ११२. यात गादी नाही, पट्टा नाही, चपलेचासुद्धा खर्च वेगळा नाही. मी ऑफिसातून येताना दोन स्टॉप आधी उतरते आणि तिकिटाचे पैसेही वाचतात.

गादीबरोबर एक कंबरपट्टाही फुकट आला होता. डॉक्टरांनी सांगितला असेल तर जरूर वापरा. पण ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी पट्टा देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीबद्दल तेच म्हटलंय. आमच्याकडे तो गॅस सिलिंडर सरकवताना ह्यांच्या कमरेला असतो, कारण फुकट आलेली वस्तू ठेवून द्यायची नाही.

आता ताजी परिस्थिती. दोरीवाला गेला त्याच संध्याकाळी मी गादी सरळ पालथी घातली. मेमरी फोम खाली, रीबॉन्डेड वर. अर्थात एकदम पाट! म्हणून माळ्यावरची सासूबाईंची कापसाची गादी काढली, गल्लीतल्या गादीवाल्याकडून पिंजून, कापूस थोडा कमी करून, नवे टाके मारून घेतली आणि वर अंथरली. आणि गंमत अशी की ते रबरी ठिपके आता वरच्या बाजूला आल्यामुळे कापसाची गादी इंचभरही सरकत नाही. खालचा थर कुणाच्याच वजनाने दबत नाही आणि वरचा मऊ थर मला हवा तेव्हा उन्हात टाकता येतो, उलटता येतो, पुन्हा पिंजता येतो. कापूस आहे तेव्हा तीनेक इंचांचा पुढे दीड होणार, पण ते दुरुस्त करायला २५ मिलिमीटर लागत नाहीत. झोप उत्तम. ह्यांचीही.

तेव्हा तारे: गादीला अडीच, गादीवाल्याला पाच, कंपनीच्या सेवेला शून्य. दोघांच्या वजनात फारसा फरक नसेल तर अजूनही घ्यायला हरकत नाही, मध्यम-कडक हे खरंच बरं पडतं. फरक असेल तर दोन सिंगल घ्या शेजारी शेजारी, किंवा दोन्ही बाजूंनी वापरता येते असं बिलावर लिहून घ्या. 'ऑर्थोपेडिक' या शब्दासाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका, तो कुणीही छापतो.

आणि पायात ताकद जात असेल, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येत असेल, लघवी अडत किंवा सुटत असेल, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, तर हे असले अनुभव वाचत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तक्रार अजून बंद केलेली नाही. पालथी वापरल्याने वॉरंटी रद्द होते का, असं त्यांना लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.