सेकंडहँड सीएनसी लेथ, दहा महिन्यांनंतर: लोखंड टिकलं, मेमरी उडाली

गेल्या दिवाळीनंतर नाशिकच्या अंबडला गरवारे पॉइंटच्या मागच्या शेडमध्ये हे मशीन, कॉम्प्युटरवर चालणारा लेथ, उतरवलं. फॅनक ओआय-मेट टीडी कंट्रोल (म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर), आठ टूलचा फिरता टरेट. बेड, स्पिंडल, टरेट याबद्दल तक्रार नाही. बुशिंगच्या कामात साइज धरतं, कूलंटची गळती दोनशे रुपयांच्या सीलने थांबली. घेताना मी डायल गेज लावून सगळं तपासलं होतं. एक गोष्ट विचारायची राहिली: पॅरामीटरचा, म्हणजे कंट्रोलमधल्या मशीनच्या सेटिंगच्या आकड्यांचा, बॅकअप कुठे आहे?

मार्चपासून स्क्रीनच्या खालच्या बाजूला 'बॅट' अशी अक्षरं लुकलुकत होती, म्हणजे कंट्रोलमधली बॅटरी संपत आली होती. ऑपरेटर म्हणाला, "शेठ, इन्व्हर्टरचं काहीतरी असेल." मीही मान डोलावली. आमच्या इन्व्हर्टरवर ऑफिसचा पंखा आणि ट्यूबलाइट चालते, मशीन नाही, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

हे आकडे एसरॅम नावाच्या मेमरीत असतात, आणि वीज गेली की ती पुसली जाते. मशीन चालू असतं तेव्हा एसरॅमला विजेवरच पोसलं जातं. ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर भार येतो तो कंट्रोल बंद असताना. म्हणून दोन शिफ्ट चालत होत्या तोवर निभावलं. मे महिन्यात ऑपरेटर लग्नाला गावी गेला, हातात ऑर्डरही नव्हती, मशीन आठवडाभर बंद. सोमवारी चालू केलं तर स्क्रीन नेहमीसारखी आली, कारण सिस्टिम सॉफ्टवेअर आणि लॅडर (मशीनच्या स्विच-रिलेचा प्रोग्राम) बॅटरी न लागणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतात. पण पॅरामीटर, टूल ऑफसेट (प्रत्येक टूलच्या मापाची दुरुस्ती), प्रोग्राम सगळं साफ, आणि अलार्मची रांग.

विकणाऱ्या दलालाला फोन केला. त्याच्याकडे बॅकअप नव्हता, आवाजात फिकीरही नव्हती. नशीब, इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराला आतून पॅरामीटरचा छापील कागद चिकटवलेला होता, तेलाने अर्धा पिवळा. पॅरामीटर बदलायची परवानगी देणारं राइट एनेबल १ केलं आणि दोन दिवस आकडे टाकत बसलो. एकजण वाचायचा, एकजण टाइप करायचा. अक्ष नेमका कुठे आहे ते लक्षात ठेवणाऱ्या अॅब्सोल्यूट एन्कोडरचा अलार्म ३०० उरला. अक्ष जागेवर नेऊन पॅरामीटर १८१५ मधली बिटं पुन्हा लावली तेव्हा तो गेला.

इथे सुटलो असं वाटलं, पण जॉबची साइज कमी-जास्त येऊ लागली. कागद कारखान्यातून मशीन निघालं तेव्हाचा. झेड अक्षाचं बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना पडणारी ढिलाई, पॅरामीटर १८५१, कागदावर ६ मायक्रॉन. डायल लावून मोजलं तर १९. आधीच्या मालकाने झीज पाहून आकडा बदलत आणला असणार, आणि तो फक्त त्या मेमरीत होता. पाच-सहा वर्षांची मेहनत सेलबरोबर गेली.

आता दोन प्रकारचे बॅकअप ठेवतो. चालू करताना उजवीकडच्या टोकाच्या दोन सॉफ्टकी दाबून धरल्या की बूट स्क्रीन येते; तिथून अख्ख्या एसरॅमची प्रत सीएफ कार्डावर निघते. दुसरा, पॅरामीटर २० ला ४ टाकून काढलेली टेक्स्ट फाइल. एसरॅमची प्रत एका झटक्यात सगळं परत आणते, पण तिच्यात काय आहे ते वाचता येत नाही. टेक्स्ट फाइल कॉम्प्युटरवर उघडून आधीच्या महिन्याशी ताडून पाहता येते, त्यामुळे माझं मन तिच्यावरच जास्त आहे. कंट्रोलवरचा कार्डाचा स्लॉट मोठा असल्याने कार्डाला अॅडॉप्टर लागतो, हे दुकानात सांगूनच घ्या.

पुन्हा घेईन का हे मशीन? घेईन. फक्त व्यवहाराआधी कार्डावर बॅकअप काढून देतो का ते विचारेन. नाही म्हणाला तर वीस हजार कमी करेन.

सेल वर्षाला एकदा बदलायचा, म्हणून खंडेनवमीचा दिवस ठरवलाय. बंद मशीनवरही बदलता येतो, पण अर्ध्या तासाच्या आत. अक्ष फिरवणाऱ्या सर्व्होमधला, एन्कोडरसाठीचा ६ व्होल्टचा सेल मात्र कंट्रोल चालू असतानाच. पूजेला सगळे मशीन बंद ठेवतात. यंदा टरेटला झेंडूची माळ पडेल तेव्हा आमची स्क्रीन चालूच असेल. बायकोने आत्ताच विचारून ठेवलंय, नारळ फोडताना पाणी आत गेलं तर?