धुराचे अलार्म होम असिस्टंटला जोडून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

होम असिस्टंट म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. अलार्म बसवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लिहायला बसले असते, तर नुसतं कौतुक लिहून मोकळी झाले असते. पण या आठ महिन्यांत एका अलार्मचा संपर्क अकरा दिवस कुणालाही न कळता तुटलेला होता, एकदा पहाटे सगळं घर विनाकारण जागं झालं आणि एकदा खरोखर धूर झाला. त्यानंतरच या यंत्रणेबद्दल माझं नीट मत बनलं.

घरात एकूण सहा अलार्म आहेत. पाच धुराचे, आणि स्वयंपाकघरात एक उष्णतेचा, कारण तिथे धुराचा लावला तर तो रोज बोंबलणार. धुराचे पाचही फोटोइलेक्ट्रिक आहेत. आतल्या काळ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो, धुराचे कण शिरले की तो विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरवर पडतो. गादी, सोफा, वायरचं आवरण असं काही धुमसत असेल तर हा प्रकार लवकर ओळखतो. आयोनायझेशन प्रकार भडकलेल्या ज्वाळांना जास्त चटकन दाद देतो. मला भीती होती ती रात्री सगळे झोपलेले असताना काहीतरी धुमसत राहण्याची, म्हणून पहिला प्रकार घेतला.

जोडणी झिगबीवर, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या बिनतारी जाळ्यावर ठेवली. वायफायवाल्या अलार्मची बॅटरी लवकर उतरते, शिवाय बरेचसे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. गूगलने मार्च २०२५ मध्ये नेस्ट प्रोटेक्ट हा आपला वायफायवाला धुराचा अलार्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. आधी विकलेले अलार्म मुदत संपेपर्यंत चालतील असंही सांगितलं, हे खरं. तरी धुराच्या अलार्मचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात, आणि तेवढा काळ कुणाचं ॲप किंवा सर्व्हर तसाच राहील यावर घराची सुरक्षितता सोपवायला माझं मन तयार झालं नाही. सगळं घरातल्या घरात चालायला हवं होतं. मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं जोडणाऱ्या मानकाच्या १.२ आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, धुराच्या अलार्मचाही समावेश झाला आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोही पर्याय बघावा.

एक गोष्ट मात्र आधी बघा: भोंगा अलार्मच्या आतच असला पाहिजे. युरोपच्या ईएन १४६०४ मानकानुसार ३ मीटरवर किमान ८५ डेसिबल आवाज लागतो. हब (सगळी उपकरणं जिथे जोडलेली असतात तो घरातला संगणक) बंद पडला, वीज गेली, राउटर अडकला, तरी छतावरचा अलार्म स्वतःहून ओरडला पाहिजे. धूर ओळखून फक्त हबला निरोप देणारे सेन्सरही मिळतात. ते झोपण्याच्या खोलीत लावू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते. ऑटोमेशन, म्हणजे अलार्मच्या निरोपावरून आपोआप होणारी कामं, ही त्या भोंग्यावर चढवलेली जादा सोय आहे.

आता त्या अकरा दिवसांविषयी. तिसऱ्या महिन्यात सहज एकेक उपकरण तपासत होते, तेव्हा दिसलं की आतल्या खोलीतल्या अलार्मचा शेवटचा निरोप अकरा दिवसांपूर्वीचा आहे. स्क्रीनवर मात्र रोज हिरव्या रंगात ‘धूर नाही’ असंच दिसत होतं. पोटात गोळाच आला. झालं होतं असं की मधल्या बोळातला स्मार्ट प्लग कुणीतरी साफसफाईच्या वेळी काढून ठेवला होता. झिगबीत विजेवर चालणारी उपकरणं पुढचे निरोप पोचवतात आणि बॅटरीवरची उपकरणं त्यांच्या आधाराने जोडलेली असतात. प्लग गेला, अलार्मचा आधार गेला, आणि त्याला दुसरा सापडला नाही. उपकरण संपर्कात आहे का हे तपासणारी सेटिंग मी सुरूच केली नव्हती, त्यामुळे शेवटची नोंद तशीच पडून राहिली.

अलार्म गप्प आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे, किंवा अलार्मच संपर्कात नाही, यांपैकी काहीही असू शकतो. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसत होतं. म्हणून या जोडणीत मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घातला. बॅटरीवरचं उपकरण २५ तास बोललं नाही तर ते बेपत्ता धरायचं, ही झिगबी-टू-एमक्यूटीटी या झिगबी उपकरणं हबला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ठरलेली मुदत मी तशीच ठेवली. बेपत्ता झालेल्या अलार्मची सूचना खोलीच्या नावासह फोनवर येते आणि सापडेपर्यंत रोज सकाळी पुन्हा येते. प्लग आता कपाटामागे आहेत, सहज हाताला लागणार नाहीत असे. हबचा झिगबी डोंगल (निरोप पकडणारी यूएसबी काडी) संगणकाला चिकटवून न लावता लांब यूएसबी वायरवर ठेवला, कारण यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. तेव्हापासून एकही अलार्म तुटलेला नाही. हब आणि राउटर दोन्ही यूपीएसवर आहेत.

चाचणीच्या बटणानेही मला फसवलं. बटण दाबलं की भोंगा वाजतो, पण हबकडे ‘धूर’ असा निरोप जाईलच असं नाही. काही अलार्म ‘चाचणी’ असा वेगळा संकेत पाठवतात. माझेही तसेच निघाले. महिनाभर मी बटणं दाबून निश्चिंत होते आणि प्रत्यक्षात ऑटोमेशन एकदाही चाललेलं नव्हतं. आता दर महिन्याला बटण दाबून भोंगा तपासते, आणि वर्षातून दोनदा धुराच्या चाचणीसाठी मिळणारा फवारा वापरून छतापासून फोनपर्यंतची सगळी साखळी बघणार आहे. पहिली फेरी झाली.

धूर कळला की घरातले सगळे दिवे पूर्ण प्रकाशात लागतात, एसी आणि पंखे बंद होतात म्हणजे धूर पसरू नये, गॅसचा मोटरवाला व्हॉल्व्ह बंद होतो आणि स्पीकर खोलीचं नाव घेऊन सांगतो. फोनवरची सूचना ‘व्यत्यय नको’ सुरू असतानाही वाजेल अशी लावली आहे. दार आपोआप उघडायचं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. घरी कुणी नसताना खोटा अलार्म वाजला आणि दार उघडं राहिलं तर? आमचं कुलूप आतून बिनकिल्लीचं फिरतं, म्हणून ते ऑटोमेशनबाहेर ठेवलं. भोंगा गप्प करण्याचं बटणही स्क्रीनवर मुद्दाम ठेवलेलं नाही. ज्याला बंद करायचा आहे त्याने अलार्मखाली जाऊन, डोळ्यांनी बघूनच करावा.

पहाटेचा खोटा अलार्म न्हाणीघराच्या दारासमोरचा होता. गरम पाण्याची वाफ, दुसरं काही नाही. तो ३ मीटर लांब सरकवला, प्रश्न मिटला. धूळ आणि बारीक किडेही असाच घोटाळा करतात, म्हणून अधूनमधून व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवते.

खरा धूर झाला तो सहाव्या महिन्यात, दुपारी. मी कामावर होते. बाबा भांडं गॅसवर ठेवून बाहेरच्या खोलीत जरा टेकले आणि त्यांना डोळा लागला. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळातला अलार्म वाजला, व्हॉल्व्ह बंद झाला, आणि मी फोन लावेपर्यंत बाबा उठून खिडक्या उघडत होते. ‘अगं, मी यायच्या आधीच गॅस बंद होता,’ हे ते मला दोनदा म्हणाले. भांडं गेलं, बाकी काही नाही. भोंग्यानेच त्यांना उठवलं, हे मी विसरत नाही. पण ते उठून ओट्यापर्यंत पोचायच्या आत आच बंद झालेली असणं ही जोडणीची कमाई होती.

आईची गोष्ट वेगळी. रात्री ती कानातलं यंत्र काढून ठेवते, आणि बारीक भोंगा तिला बंद दाराआड ऐकूच येत नाही. तिच्यासाठी उशीखाली थरथरणारं यंत्र ठेवलं आणि खोलीतला दिवा उघडझाप करेल असं केलं. न सांगता एका रात्री चाचणी घेतली. ती लगेच उठून बसली, आणि दिव्याकडे न बघता आधी बाबांना हलवलं. नंतर माझ्यावर रागावली, ते साहजिकच होतं. पुढच्या वेळी निदान दिवस सांगून ठेवेन.

बॅटरीचे टक्के बघून निर्धास्त राहू नका. लिथियम बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. आकडा बराच काळ शंभरच्या आसपासच दिसतो. मी कॅलेंडरवर तारीख टाकली आहे आणि सुट्या बॅटऱ्या घरात ठेवल्या आहेत. प्रत्येक अलार्मच्या मागे छापलेली उत्पादनाची तारीखही तिथेच नोंदवली. एक राहिलंय: सहाही अलार्म एकमेकांना हबमार्फतच वाजवतात. हब बंद असेल तर बोळातला वाजेल, आईच्या खोलीतला वाजणार नाही आणि उशीखालचं यंत्रही हलणार नाही. आपसात थेट बोलणारी जोडी या दोन जागांसाठी शोधते आहे.