टायमिंग बेल्ट बदलताना: व्हाइटनर की लॉक किट?

दारव्ह्याकडच्या गॅरेजात जुनी मारुती ८०० आली, की मिस्त्री आधी व्हाइटनर मागतो. ७९६ सीसी, ३ सिलिंडर, एकच कॅमशाफ्ट (कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). टायमिंग बेल्ट हा दांडा अन् पिस्टननं फिरणारा क्रँक यांना जुळवून फिरवतो. दोघांच्या पुल्यांवर, म्हणजे बेल्ट चढतो त्या चाकांवर, कंपनीच्याच खुणा असतात. त्या पुसून, जुळवून, वर पांढरा ठिपका द्यायचा. खर्च म्हणाल तर चहाएवढा. मात्र खूण फक्त दाखवते, धरत नाही. बेल्ट सुटला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोरावर कॅम हळूच सरकतो अन् बेल्टचा एक दात चुकतो.

लॉक किटची खिटी कॅम अन् क्रँक जागीच धरून ठेवते. १.९ टीडीआय ऑक्टाव्हियासारखी डिझेल असेल तर ती पाहिजेच, तिथं व्हाइटनरचा भरवसा नाही. पण किट त्या-त्या इंजिनापुरतीच चालते. नागपूरहून मागवा, अन् वर्षभर पेटीत पडू द्या. खिटी लावून बोल्ट आवळू मात्र नका भाऊ, ती वाकते.

आपली ८०० असेल तर मी व्हाइटनरच घेईन. फक्त बेल्ट चढवल्यावर क्रँक हातानं, पान्यानं, पूर्ण २ फेरे फिरवायचा (तेवढ्यात कॅमचा १ होतो) अन् खुणा पुन्हा पाहायच्या. घाईघाईत सेल्फ मारायचा नाही.