हिरड्यांवरील लेसर उपचार: मोजमाप न करता घेतलेले पैसे

हिरड्यांच्या जुनाट आजारावर ‘कापाकापी नाही, टाके नाहीत, एका बैठकीत पायोरिया मुळासकट बरा’ अशी जाहिरात करणाऱ्या इंदूरमधील एका खाजगी दवाखान्याने माझ्या वडिलांची जी फसवणूक केली, ती येथे सविस्तर मांडत आहे. रामबाग, लोकमान्यनगर या भागांतील आपल्या अनेक घरांत मधुमेह असलेली, दात हलू लागलेली वयस्कर माणसे आहेत आणि हीच पत्रके त्यांच्याही हाती पडत आहेत, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

बाबांना ब्रश करताना रक्त येत असे आणि खालचे पुढचे दात थोडे हलू लागले होते. दवाखान्यात संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून, पडद्यावरच्या काळसर भागाकडे बोट दाखवत, हाड झिजले आहे, साध्या सफाईने आता काही होणार नाही आणि लवकरच सगळे दात गमवावे लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे ‘अमेरिकेच्या एफडीएची मान्यता असलेला लेसर’ (एफडीए म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी तेथील सरकारी संस्था), जो हिरडी पुन्हा दाताला चिकटवतो. खर्च ऐंशी हजारांच्या वर होता आणि हप्त्यांचे कर्ज मंजूर करून देणारा माणूस त्याच खोलीत बसलेला होता. घाबरलेल्या रुग्णापुढे त्याच क्षणी कर्जाचा अर्ज ठेवणे हे मला या प्रकरणातील सर्वांत निंद्य कृत्य वाटते. बिलावर मात्र ‘लेसर थेरपी, फुल माउथ’ एवढाच मजकूर होता.

या सगळ्यात हिरड्यांचे मोजमाप एकदाही झाले नाही. हिरडी आणि दात यांच्यामधली फट, जिला दंतवैद्य पॉकेट म्हणतात, ती मिलिमीटरच्या खुणा असलेल्या प्रोब नावाच्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. एक ते तीन मिलिमीटर खोली सामान्य समजली जाते. त्यापुढे जितकी खोली अधिक, तितके तेथील कीटण आणि जंतू घरच्या ब्रशच्या आवाक्याबाहेर जातात. या मोजमापांचा तक्ता नसेल तर रोग किती आहे हे उपचारापूर्वी कळत नाही आणि किती कमी झाला हे नंतर सिद्ध करता येत नाही. बाबांचा एचबीए१सी, म्हणजे रक्तातील साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, किती आहे हेही कोणी विचारले नाही. वास्तविक २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिरडीरोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो सात टक्के किंवा अधिक असेल, तर रोग वेगाने वाढणारा धरला जातो.

ज्या यंत्राचे एवढे कौतुक झाले, त्याचा फोटो माझ्या बहिणीने सहज काढून ठेवला होता, आणि त्यावरील सूचनापट्टीवर ९८० नॅनोमीटर ही तरंगलांबी स्पष्ट वाचता येते. हा डायोड लेसर होय. हिरडी नव्याने जोडली जाण्याच्या दाव्याला अमेरिकेत २०१६ मध्ये एफडीएने जी मंजुरी दिली, ती १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग प्रकारच्या एका विशिष्ट यंत्रासाठी आणि ‘लॅनाप’ या ठरावीक पद्धतीसाठी होती. शिवाय त्या पद्धतीतही लेसरच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये अल्ट्रासॉनिक आणि हाताच्या अवजारांनी मुळांवरचे कीटण काढावेच लागते. डायोडचा किरण मऊ, सुजलेल्या ऊतीवर काम करतो. दगडासारखे घट्ट झालेले कीटण त्याने निघत नाही. बाबांच्या तोंडात लेसरचा किरण वाहून नेणारा बारीक तंतू फिरवून त्यांना घरी पाठवण्यात आले. काही आठवडे रक्त थांबले, कारण सूज तात्पुरती उतरली होती, आणि त्यानंतर सारे पूर्ववत झाले.

पुढे शासकीय दंत महाविद्यालयातील हिरडीरोग विभागात तपासणी केली, तेव्हा पहिल्यांदा तक्ता भरला गेला. दाढांभोवती सहा आणि सात मिलिमीटरचे पॉकेट आणि हिरडीखाली जुने कीटण जसेच्या तसे सापडले. तेथे भूल देऊन एकेका भागाचे स्केलिंग व रूट प्लेनिंग, म्हणजे मुळांची खोल सफाई झाली, सोबत साखर आटोक्यात आणण्यास बजावले गेले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर बहुतेक जागी खोली चार किंवा त्याखाली आली होती. दोन दाढांना फ्लॅप शस्त्रक्रिया, म्हणजे हिरडी उघडून आतून सफाई, लागेल, हेही तेथील डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

लेसर हेच थोतांड आहे असे माझे म्हणणे नाही. प्रशिक्षित हिरडीरोगतज्ज्ञ ठरावीक कामांसाठी तो वापरतात. परंतु अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिला उपचार म्हणून मुळांची सफाईच सांगितली आहे, आणि युरोपीय हिरडीरोग महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्या सफाईला लेसरची जोड देऊ नये असे सुचवले आहे. म्हणून कोणी ‘सफाई निरुपयोगी, लेसरच हवा’ म्हणाले, तर पैसे देण्यापूर्वी मिलिमीटरमधला तक्ता मागावा, यंत्राचा प्रकार व तरंगलांबी लेखी घ्यावी, मुळांवरचे कीटण कोण आणि कशाने काढणार ते विचारावे, आणि उपचार करणारी व्यक्ती या विषयातील एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) आहे का याची राज्य दंत परिषदेच्या नोंदणीवरून खात्री करावी.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल, कर्जाचे कागद, यंत्राचा फोटो आणि महाविद्यालयातील तक्ता आम्ही जोडला आहे. उपचारापूर्वीच्या मोजमापाची प्रत दवाखान्याकडे लेखी मागितली होती; त्या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही.